वायुप्रदूषण व हृदयविकार (बालाघाट जिल्हा)

हवेतील सूक्ष्म कण व वायूंमुळे हृदय आणि रक्तवाहिन्यांना होणारी हानी. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात भरवेली, उकवा व तिरोडी येथील मँगॅनीज खाणी, मलाजखंडची तांब्याची खाण, खनिजवाहू ट्रक आणि घरोघरच्या चुली हे धुळीचे व धुराचे स्रोत होत. खाणीतील धूळ बहुतांशी जाडसर असते. हृदयाला अधिक घातक ठरतात ते ज्वलनातून निघणारे, २.५ मायक्रोमीटरपर्यंतचे कण. ते फुप्फुसांत खोलवर शिरून दाह निर्माण करतात. परिणामी रक्तदाब वाढतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती व धमनीकाठिण्य बळावते (पहा : हृद्‌रोहिणी विकार). या कणांची वार्षिक सरासरी मर्यादा भारतात (२००९) घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, तर जागतिक आरोग्य संघटनेची (२०२१) ५ आहे. मँगॅनीजची धूळ मात्र मुख्यत्वे तंत्रिका तंत्राला बाधते (पहा : मँगॅनीज).