लव्हेंडर : नाव, उपयोग आणि व्युत्पत्तीचा मोह

वस्तूच्या नावावरून तिच्या उपयोगाचा इतिहास सांगावयाचा, ही पद्धत भाषाभ्यासकाला नेहमीच मोहक वाटत आली आहे. शब्द हाती असतो, धातू ओळखीचा असतो, आणि तेवढ्या सामग्रीवर जुन्या चालीरीतींचे चित्र सहज उभे करता येते. ही पद्धत कोठवर विश्वसनीय आहे, हे एका लहानशा उदाहरणावरून तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी घेतलेले उदाहरण लव्हेंडर या भूमध्य सागराच्या परिसरातील सुगंधी झुडपाचे आहे. घरकाम, स्वयंपाक, औषध आणि मंत्रतंत्र अशा चारही क्षेत्रांत युरोपने त्याचा वापर केला असल्यामुळे आपल्या प्रयोजनास ते विशेष सोयीचे आहे.

लव्हेंडरविषयीच्या लोकप्रिय पुस्तकांत एक विधान हमखास आढळते. हा शब्द 'धुणे' या अर्थाच्या 'लावारे' या लॅटिन क्रियापदापासून आला, कारण रोमन लोक स्नानाच्या पाण्यात ही फुले टाकीत असत, असे ते विधान होय. त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग व्युत्पत्तीचा, दुसरा इतिहासाचा. बारकाईने पाहिल्यास असे दिसते की, दुसऱ्या भागाला आधार म्हणून पुष्कळदा पहिलाच भाग पुढे केला जातो. नाव धुण्यावरून पडले म्हणून स्नानाची चाल होती, आणि स्नानाची चाल होती म्हणून नाव धुण्यावरून पडले, असे हे वर्तुळ आहे.

प्राचीन ग्रंथकारांची साक्ष मात्र निराळी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायॉस्कोरिडीझ आणि प्लिनी या दोघांनीही या वर्गातील वनस्पतीचे वर्णन 'स्टोइखास' या नावाखाली केले आहे. हे नाव गॉलच्या किनाऱ्यासमोरील स्टोइखाडीझ बेटांवरून पडले. ती बेटे एका ओळीत असल्यामुळे त्यांना ओळवाचक नाव मिळाले होते. म्हणजे हे नाव स्थळावरून पडलेले आहे, उपयोगावरून नव्हे. डायॉस्कोरिडीझने तिचा काढा छातीच्या विकारांवर सांगितला असून विषावरील उताऱ्यांतही तिची योजना केली आहे. धुण्याशी तिचा संबंध त्याने जोडलेला नाही.

'लाव्हेन्दुला' हे रूप मध्ययुगीन लॅटिनमधील आहे, आणि त्याच्या जुन्यात जुन्या रूपांत 'लिव्हेन्दुला' असे इकारयुक्त रूप सापडते. या रूपाचा संबंध काही अभ्यासक 'निळसर असणे' या अर्थाच्या 'लिव्हेरे' या क्रियापदाशी जोडतात. हे मत ग्राह्य धरल्यास फुलाच्या रंगावरून नाव पडले आणि 'लावारे'च्या प्रभावाने पुढे इकाराचा अकार झाला, असे म्हणावे लागेल. अपरिचित शब्दाला परिचित शब्दाच्या साच्यात बसविण्याच्या या प्रक्रियेलाच आपण लोकव्युत्पत्ती म्हणतो. हा वाद निर्णायकपणे मिटलेला नाही. तथापि रोमन स्नानगृहाचे चित्र केवळ नावावरून रेखाटता येत नाही, एवढे निश्चित होते.

आता उपयोगांकडे वळू. बाराव्या शतकातील जर्मन संन्यासिनी हिल्डेगार्ड हिने आपल्या ग्रंथात लव्हेंडर खाण्यास निरुपयोगी, परंतु उग्र वासाचे असल्याचे म्हटले आहे. हा वास वारंवार घेतल्याने उवा मरतात, दृष्टी स्वच्छ होते आणि दुष्ट शक्ती भयभीत होऊन दूर पळतात, असे ती सांगते. आज आपण हे उपयोग घरगुती, वैद्यकीय आणि मांत्रिक अशा तीन कप्प्यांत टाकू. हिल्डेगार्डच्या दृष्टीने मात्र ती एकाच वासाची तीन कार्ये आहेत. स्पेन व पोर्तुगाल या देशांत सेंट जॉनच्या सणाला चर्चच्या जमिनीवर हे झुडूप पसरीत, आणि त्या रात्री संचार करणाऱ्या दुष्ट शक्तींना पळवून लावण्यासाठी होळीत टाकीत. स्पेनमध्ये घरातील शेगडीच्या निखाऱ्यांवर त्याची धुरी देण्याचीही चाल होती. तेथील 'अल्हुसेमा' हे नाव अरबी 'खुजामा'वरून आलेले आहे. सोळाव्या शतकातील इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम टर्नर याने थंडीने होणाऱ्या मस्तकविकारांवर ही फुले टोपीत शिवून रोज वापरण्यास सांगितले आहे.

धुण्याचा संबंध येतो तो येथे, आणि अनपेक्षित मार्गाने येतो. मध्ययुगीन इंग्रजीत 'लव्हेंडर' असा दुसरा एक शब्द प्रचलित होता व त्याचा अर्थ कपडे धुणारी स्त्री किंवा पुरुष असा होता. तो जुन्या फ्रेंचमधून आला असून त्याचे मूळ निःसंशय 'लावारे'त आहे. चौदाव्या शतकात चॉसरने तो वापरलेला आहे. अशा रीतीने फूल आणि परटीण ही दोन्ही एकाच उच्चाराने ओळखली जाऊ लागली. त्याच समाजात धुतलेल्या कपड्यांत वाळलेली फुले ठेवण्याची चाल रुळली होती. या फुलांच्या तेलातील लिनॅलूल आणि लिनॅलिल ॲसिटेट ही द्रव्ये कीटकांना दूर ठेवण्यास उपकारक असल्यामुळे या चालीला व्यावहारिक आधारही होता. आयझॅक वॉल्टनच्या 1653 मधील मासेमारीवरील प्रसिद्ध ग्रंथात नीटनेटक्या खाणावळीची खूण म्हणून लव्हेंडर येते. 'लव्हेंडरमध्ये ठेवणे' याचा अर्थ 'जपून ठेवणे' असा झाला आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस बोलभाषेत 'गहाण टाकणे' असाही होऊ लागला. गहाणवटीचे कपडेही पेटीत जपूनच ठेवावे लागतात, हे ध्यानी घेतल्यास या अर्थांतरातील विनोद कळतो.

तात्पर्य, प्रचलित व्युत्पत्ती उगमाच्या दृष्टीने कदाचित चुकीची असेल, परंतु उत्तरकालीन इतिहासाच्या दृष्टीने ती सार्थ आहे. धुण्याने या फुलाला नाव दिले की नाही हे सांगता येत नाही. मात्र धुणाऱ्यांनी ते नाव आपलेसे केले, हे दिसते.

स्वयंपाकाच्या क्षेत्रात याच्या उलट प्रकार दिसतो. प्रोव्हान्सच्या पाककलेत लव्हेंडर पुरातन काळापासून असावे, असा आज सर्वसाधारण समज आहे. परंतु रबूल याच्या 1897 मधील प्रोव्हान्सच्या पाकशास्त्रावरील प्रमाणभूत ग्रंथात त्याचा उपयोग केलेला नाही. मसाल्याच्या मिश्रणात ते शिरले विसाव्या शतकात. जेरार्डच्या 1597 मधील ग्रंथात फुलांचा साखरेतील पाक आहे खरा, पण तो घेवड्याच्या दाण्याएवढा, सकाळी उपाशीपोटी घ्यावयाचा. म्हणजे ते औषधच होय, पक्वान्न नव्हे. येथे प्रदेशाच्या लौकिकाने वर्तमानाला भूतकाळाचा आभास दिला आहे.

या कथेचा एक धागा आपल्या देशापर्यंत पोहोचतो. ग्रीक 'स्टोइखास'चे अरबीत 'उस्तुखुद्दूस' झाले. इब्न सिनाच्या 'कानून'मध्ये ते आहे, आणि तेथून यूनानी वैद्यकाबरोबर ते भारतात आले. सर्दी व डोकेदुखीवर दिले जाणारे 'इत्रिफल उस्तुखुद्दूस' आजही प्रचारात आहे. या औषधीला यूनानी परंपरेत 'जारूब-ए-दिमाग', म्हणजे मेंदूचा झाडू, असे म्हणतात. आपल्या बाजारात या नावाने कित्येकदा प्रुनेला व्हल्गॅरिस ही दुसरीच वनस्पती विकली जाते. बेटांचे नाव दोन हजार वर्षे टिकले, वनस्पती मात्र हातोहात बदलली.

पश्चिमेस धुणे आणि पूर्वेस झाडणे! या दोहोंमागे एकच आदिम कल्पना असावी, असे म्हणण्याचा मोह येथे अनावर होतो. तो आवरला पाहिजे. पहिल्या नावातील अर्थ बहुधा मागाहून शिरलेला आहे, तर दुसऱ्या उपाधीला मस्तकातील कफ काढून टाकण्याच्या वैद्यकीय सिद्धांताचा आधार आहे. संशोधक विद्यार्थ्याने शब्दाचा पहिला उल्लेख आणि चालीचा पहिला उल्लेख हे दोन्ही स्वतंत्रपणे शोधावेत, आणि मगच त्यांची सांगड घालावी. असे केल्याने शब्दाचे मोल कमी होत नाही. वनौषधींचे ग्रंथ वैद्यांनी लिहिले. परटिणींनी काहीच लिहून ठेवले नाही. त्यांच्या श्रमाची एक खूण मात्र या फुलाच्या नावाशी जुळलेल्या त्या दुसऱ्या शब्दात राहून गेली आहे, आणि ती वाचावयाची असेल तर उगमाच्या कथेपेक्षा शब्दाच्या वापराकडे अधिक लक्ष दिले पाहिजे.