बुरखा गेला, गोषा आला?

फ्रान्समध्ये ११ एप्रिल २०११ रोजी लागू झालेल्या कायद्याला सगळे ‘बुरखाबंदी’ म्हणतात. त्याच्या मजकुरात मात्र बुरखा नाही, बाई नाही, इस्लामही नाही. बंदी आहे ती चेहरा दडवण्यासाठी घातलेल्या पोशाखावर. ‘दडवणे’साठी तिथे ‘दिसिम्युले’ हे क्रियापद आहे, आणि त्याचंच नाम कपट, ढोंग या अर्थानेही चालतं. आपणही ‘बुरखा फाडला’ म्हणतो तेव्हा कापड कुठे आठवतं? आठवतो तो लबाड माणूस.

खरं तर तिथल्या रस्त्यावर दिसायचा तो बहुधा नकाब; जाळीचा अफगाणी बुरखा विरळाच. नकाबचा अरबी धातू भोक पाडण्याचा. उत्तरेकडचे पोलीस घरफोडीला ‘नकबजनी’ म्हणतात, तीही याच कुळातली. संशय जणू शब्दाच्या पाचवीलाच पुजलेला!

आपल्या सरदार घराण्यांतला शब्द होता ‘गोषा’. फारसीत गोशा म्हणजे कोपरा. बुरखा अंगावर घेऊन बाजारात जाता येतं. गोषातल्या बाईला बाजार घरी मागवावा लागतो. फरक मोठा आहे, आणि नेमका तोच या कायद्याच्या हातून निसटला असं मला वाटतं.

चेहरा झाकणाऱ्या बाईला दंड १५० युरोपर्यंत. तिच्यावर सक्ती करणाऱ्याला एक वर्ष कैद आणि ३०,००० युरो. कागदावर हे ठीकच. पण पोलिसाला रस्त्यावर दिसते ती बाई. सक्ती करणारा असलाच तर घरात बसलेला. शिवाय ज्या तरुणीने स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली, तिचं म्हणणं होतं की माझ्यावर कुणाचीच सक्ती नाही आणि ओळख पटवायला मी चेहरा दाखवीन. २०१४ मध्ये ती हरली. ‘एकत्र नांदणं’ हा फ्रान्सचा युक्तिवाद न्यायालयाला पटला. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०१८ मध्ये दुसऱ्या दोघींच्या तक्रारीवर उलट मत दिलं: अशा बंदीने बायका घरातच अडकून पडू शकतात. म्हणजे गोषाच की!

स्वित्झर्लंडने १ जानेवारी २०२५ पासून असाच कायदा लागू केला. दंड १,००० फ्रँकपर्यंत. त्याच्या जर्मन नावातला ‘फेरह्युलुंग’ हा शब्द साधा आहे, नुसतं आच्छादन. फ्रेंच प्रतीत मात्र पुन्हा ‘दिसिम्युले’च.