जुन्या औषधाचे नवे काम

सांगली-साताऱ्याच्या बाजारपेठेत कोणत्याही औषधाच्या दुकानात मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी मिळते. तीच गोळी मल्टिपल स्क्लेरॉसिस या मज्जातंतूंच्या विकारावर चालेल काय, याचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत. साखरेच्या गोळीचा मज्जातंतूंशी काय संबंध, असे श्रोत्यांना वाटेल. परंतु औषधाने आपले काम बदलणे ही नवलाची गोष्ट नव्हे.

आपल्या मुंबईतच याचा मोठा दाखला घडला. सर्पगंधेची मुळी वेडावर व निद्रानाशावर आपल्या देशात पूर्वापार देत असत. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रोग्यांना देऊन पाहिली, पद्धतशीर नोंदी ठेवल्या आणि 1949 साली त्या इंग्लंडातील हृदयरोगांच्या नियतकालिकात छापल्या. मुळी जगभर गेली. 1957 साली वकिलांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले. पुढे तिचा दोषही कळला: मोठ्या मात्रेने काही रोग्यांना उदासपणा येई.

मेटफॉर्मिनची कुळकथा अशीच आहे. युरोपातील गॅलेगा नावाच्या वनस्पतीतील द्रव्यावरून तिचा माग लागला. 1922 साली डब्लिनमध्ये ती प्रथम तयार झाली आणि विस्मृतीत गेली. 1949 साली फिलिपाइन्समध्ये ती इन्फ्लुएंझाच्या रोग्यांना दिली गेली. 1957 साली पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी ती मधुमेहावर दिली, तेव्हा तिला कायमचे काम मिळाले.

आता दुसऱ्या रोगाकडे वळू. विजेच्या तारेवर जसे वेष्टन असते, तसे मज्जातंतूंवर मायेलिनचे असते. या विकारात शरीराचे रक्षक सैन्यच ते वेष्टन कुरतडते. मग नजर अधू होते, हातापायांतले बळ जाते. ऐन कमावत्या वयात हा रोग गाठतो. हल्ला रोखणारी औषधे आज आहेत. गेलेले वेष्टन परत बसविणारे औषध मात्र अजून हाती नाही.

2019 साली केंब्रिजच्या रॉबिन फ्रँकलिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, म्हाताऱ्या उंदरांच्या ज्या पेशी वेष्टन विणण्याचे विसरल्या होत्या, त्या मेटफॉर्मिनने पुन्हा कामाला लागतात. मग माणसांवर चाचणी झाली. 70 रोग्यांपैकी काहींना सहा महिने मेटफॉर्मिन व ॲलर्जीवरचे जुने क्लेमास्टीन अशी दोन्ही औषधे दिली, काहींना नुसती पोकळ गोळी. 2025 साली निकाल आला. औषध घेणाऱ्यांच्या डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या संदेशाचा वेग टिकला, इतरांचा मंदावला. फरक थोडा होता, आणि रोग्याला स्वतःला बरे वाटावे असे काही घडले नाही. म्हणजे दार किलकिले झाले, इतकेच. तेव्हा हे ऐकून कोणी आपल्या मनाने ती गोळी सुरू करू नये.

आता मुद्दा पैशाचा. ज्या औषधावर कोणाची मक्तेदारी उरलेली नाही, त्याच्या चाचणीवर कोणती कंपनी कोट्यवधी खर्च करील? गुण आलाच तर नफा सगळ्यांत वाटला जाणार. व्यापाराच्या हिशेबात असले औषध निराधार ठरते. मग ब्रिटनमधल्या या चाचणीला पैसा कोणी दिला? एमएस सोसायटीने. पत्नीला हा विकार झालेल्या रिचर्ड केव्ह यांनी 1953 साली ती स्थापन केली. रोगी, त्यांचे आप्त व सामान्य माणसे यांच्या देणग्यांवर ती उभी आहे. 2023 साली तिच्याच मदतीने तिथे मेटफॉर्मिनची आणखी मोठी चाचणी सुरू झाली.

आयुष्यभर कामगारांकडून वर्गणी गोळा करणाऱ्या माझ्यासारख्याला याचा अर्थ लगेच कळतो. एकट्याच्या खिशाला जे झेपत नाही, ते अनेकांच्या चार-चार आण्यांनी उभे राहते. आपल्याकडे मेटफॉर्मिन स्वस्त आहे, मधुमेही भरपूर आहेत, वकिलांसारख्यांची परंपरा आहे. जुन्या औषधांच्या चाचण्यांना सार्वजनिक पैसा मिळावा, ही मागणी डॉक्टरांनी करावी तशी ती गोळी विकत घेणाऱ्या नागरिकांनीही करावयास हवी.