छिद्रांचा हिशेब

कल्हईवाल्याचे काम ज्याने पाहिले आहे त्याला धातूवर धातूचा थर चढविण्याचे नवल वाटणार नाही. पण कल्हई तापल्या भांड्यावर वितळून पसरते. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वित्झर्लंडमधील माक्स उलरिख शूप याने जी युक्ती काढली तीत वितळलेल्या धातूचा फवारा उडविला जातो. खेळातल्या बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या भिंतीवर आपटून चपट्या झालेल्या पाहून त्याला ती सुचली, असे सांगतात.

भिंतीवर गोवऱ्या थापाव्यात तसे हे थेंब एकावर एक थापले जातात. मध्ये फटी राहतात. तीच थराची सच्छिद्रता. शिवाय हवेतून उडताना तापल्या थेंबावर ऑक्साइडची साय धरते आणि थरात रेघांच्या रूपाने अडकून बसते. छिद्रे एकमेकांस मिळाली, तर निकेलच्या थरातून पाणी थेट आतल्या लोखंडापर्यंत उतरते. ऑक्साइड फार झाले, तर थर ठिसूळ होतो. उलट, बेअरिंगच्या थरातील थोडी छिद्रे तेल धरून ठेवतात. म्हणजे प्रश्न छिद्रे आहेत की नाहीत हा नसून ती किती आहेत, हा आहे.

या ‘किती’चे उत्तर धातुशास्त्राला मिळाले ते दगडांच्या अभ्यासातून. इ. स. १८४७ मध्ये देलेस या फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञाने दाखविले की, खडकाच्या कापलेल्या पृष्ठावर एखाद्या खनिजाने जितका हिस्सा व्यापलेला असतो तितकाच त्याचा वाटा साऱ्या खडकात असतो. तो खनिजांच्या आकृत्या कागदावर उतरवी, कागद कथिलाच्या वर्खावर चिकटवी आणि आकृत्या कातरून तो वर्ख तोली. १८९८ साली रोझिवाल याने क्षेत्राऐवजी रेघा मोजल्या; १९३३ साली ग्लागोलेव्ह याने नुसते बिंदू मोजले. इकडे शेफील्डच्या सॉर्बीने १८६३ पासून पोलादाचे तुकडे घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरले होते. तोही मूळचा दगडांचा अभ्यासक.

फवाऱ्याच्या थराची परीक्षा आजही याच वाटेने चालते. कापलेल्या व घासलेल्या तुकड्यात धातू उजळ, ऑक्साइड राखाडी आणि छिद्र काळे दिसते. अमेरिकेच्या ए. एस. टी. एम. संस्थेच्या ई २१०९ या मानकात सच्छिद्रता मोजण्याच्या दोन रीती आहेत : नमुन्याच्या चित्रांशी ताडून पाहणे, किंवा संगणकाकडून काळा भाग मोजून घेणे.

पण खरी मेख मोजणीच्या आधीच असते. घासणाऱ्याचा हात जड पडला की ठिसूळ कण उपटून निघतात आणि नव्हती ती छिद्रे दिसू लागतात. मऊ धातू रगडला गेला की तो असलेली छिद्रे लिंपून टाकतो. एकाच थराचे दोन तुकडे दोघांनी घासले तर दोन निराळे आकडे येऊ शकतात. म्हणून जाणते लोक आधी निर्वात पात्रात छिद्रांमध्ये राळ भरून घेतात, मग टप्प्याटप्प्याने घासतात, आणि अधिक घासूनही आकडा बदलेनासा झाला म्हणजेच त्यावर विश्वास ठेवतात. संगणकालाही राखाडी कोठे संपते व काळे कोठे सुरू होते, हे माणसानेच सांगावे लागते. ती सीमा जरा सरकली की ऑक्साइडचे छिद्र होते.

देलेसची कात्री आता कोणी वापरीत नाही. पण वर्ख रेघेबाहेर कातरला तर वजन खोटे येईल, ही त्याची काळजी मात्र अजून सुटलेली नाही. अहवालातला टक्का थराबद्दल जितके सांगतो तितकेच तो घासणाऱ्या हाताबद्दलही सांगत असतो.