खोकडाचा फोटो

मंडळी, परवा नातू सुट्टीला आला तो नवा कॅमेरा गळ्यात अडकवूनच. "आजोबा, एमआयडीसीच्या मागच्या माळावर कोल्हे आहेत म्हणे. फोटो काढायचाय."

मास्तरकी अंगात मुरलेली, त्यामुळे आधी चूक दुरुस्त केली. म्हटलं, "बाळा, ती खोकडं. मांजराहून थोडी मोठी, शेपटीचं टोक काळं. कोल्हा वेगळा." इसापाची गोष्ट मराठीत आली तेव्हा त्यातल्या खोकडाचा कोल्हा झाला, आणि आमच्या या द्राक्षांच्या जिल्ह्यातसुद्धा खोकडाचं नाव पोरांना ठाऊक राहिलं नाही! असो.

त्याला म्हटलं, "जाऊ. पण आधी थोडा इतिहास ऐक." (नातवाने सुस्कारा सोडला, पण ऐकलं.)

अमेरिकेत जॉर्ज शायरस नावाचे गृहस्थ होते. तिथले आदिवासी रात्री होडीच्या टोकाला जाळ करून हरणांची शिकार करत. उजेडाने हरीण जागीच खिळून उभं राही. शायरसांनी युक्ती तीच ठेवली, फक्त बंदुकीच्या जागी कॅमेरा आणला. पुढे वाटेवर दोरी ताणून ठेवायची, जनावराचा पाय लागला की फोटो निघायचा, असंही त्यांनी केलं. १९०६ च्या जुलैमध्ये 'नॅशनल जिऑग्राफिक'ने त्यांचे ७४ फोटो छापले. पण उजेडासाठी मॅग्नेशियमची पूड भडकवावी लागे. त्यांच्या एका फोटोत त्या भडक्याने उधळलेली हरणं दिसतात. बंदूक गेली, धास्ती मात्र राहिली.

आपल्याकडे संयुक्त प्रांतातले वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी दोरीच्याच युक्तीने वाघांचे फोटो घेतले. त्यांचं पुस्तक १९२७ साली आलं. जिम कॉर्बेटना बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे वळायची प्रेरणा त्यांच्याकडूनच मिळाली. आता कॅमेरा जनावराच्या अंगाची ऊब ओळखून, डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडात आपोआप फोटो घेतो. माणूस तिथे नसतोच. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांत माणूस काय शिकला, तर हळूहळू मागे सरायला.

"पण आपण जवळ गेलो तर असं काय बिघडतं?" नातवाने विचारलं. प्रश्न रास्त होता.

सोलापूरजवळ नान्नजच्या माळरानावर अबी वनक आणि सहकाऱ्यांनी खोकडांचा अभ्यास केला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दिसतं, की खाद्याजवळ कुत्रा असला की खोकड कमी खातं, त्याचं लक्ष सावध राहण्यात जातं. त्या कुत्र्याच्या जागी कॅमेरावाला माणूस ठेवून बघा.

आणि दुसरं उत्तर माझ्याजवळचंच होतं. ते आजवर घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

१९८४ चा मार्च. कुपवाडात तेव्हा कारखाने थोडे, माळ मोठा. सहल म्हणून पाचवीचा वर्ग घेऊन गेलो होतो. एका पोराने खोकडाचं बीळ दाखवलं. चार-पाच तोंडं, बाहेर पिल्लांची इवली पावलं. मित्राचा कॅमेरा मागून आणला होता, रोलमध्ये तीनच फोटो शिल्लक. मला घाई झाली. मी पोरांना बिळाच्या तोंडांशी पाय आपटायला लावले. आतून काही आलं नाही. चार दिवसांनी एकटाच गेलो तर बीळ ओस, तोंडाशी कोळ्याचं जाळं. आईने पिल्लं दुसरीकडे नेली असतील, असं मनाला सांगत आलोय. त्या पोरांना मात्र मी त्या दिवशी भलताच धडा दिला.

नातू काही बोलला नाही. संध्याकाळी निघालो. गाडी लांब उभी केली, इंजिन बंद, काच अर्धी खाली. फ्लॅश बंद, खायला टाकायचं नाही, बिळाकडे जायचं नाही. दीड तासाने गवतातून दोन कान वर आले. खोकड बाहेर येऊन बसलं, पायाने मान खाजवली, जांभई दिली. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

फोटो धूसर आलाय. कान आणि पाठ, बस्स. नातवाने तो फोनवर भिंतचित्र म्हणून लावलाय. जागा कुठली, हे कुणाला सांगायचं नाही असं आमचं ठरलंय, तेव्हा तुम्हीही विचारू नका!