शिंगाला लंडनमध्ये सनद, शिंग काढणाऱ्याला गावकुसाबाहेरची जागा

खिशात मावणारा घडीचा चाकू हातात घ्या आणि क्षणभर पात्याऐवजी मुठीकडे बघा. प्लास्टिक येण्याआधी ही मूठ बहुतेक वेळा लाकडाची, नाहीतर एखाद्या जनावराच्या अवयवाची असे. शिंग, हाड, सांबरशिंग, हस्तिदंत. जुने चाकू जमवणारे शौकीन आजही यातले कोणते चांगले यावर तासन्‌तास बोलतात. ते जनावराचे नाव घेतात, कारागिराचे नाव घेतात. मेलेल्या जनावराला पहिला हात कोणी लावला, हे मात्र कोणी विचारत नाही. आपण विचारू.

आधी साहित्य समजून घेऊ. म्हशीचे शिंग आपल्या नखासारख्याच द्रव्याचे बनलेले असते. तापवले की मऊ पडते, दाबून त्याची सपाट पट्टी करता येते आणि घासले की चमकते. पण फार वाळले की वाकते, आणि कीडही लागते. गुरांच्या नळीचे हाड जाड आणि स्वस्त. ते उकळून चरबी काढायची, हातातून निसटू नये म्हणून वर खाचा पाडायच्या, मग रंगवायचे. सांबराचे शिंग दरवर्षी गळून पडते आणि पुन्हा उगवते, म्हणजे त्यासाठी सांबर मारावेच लागते असे नाही. ते भरीव असते आणि त्याचा खडबडीत पृष्ठभाग पकडीला उत्तम. इंग्लंडमधल्या शेफील्डचे चाकूवाले भारतातून जाणाऱ्या सांबरशिंगावर आणि म्हशीच्या शिंगावर विसंबून होते. हस्तिदंत सर्वांत महाग. त्यापायी इतके हत्ती मारले गेले की १९८९ मध्ये आफ्रिकी हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालावी लागली.

आता शिंगाचा प्रवास मागे नेऊ. शिंगाच्या आत हाडाचा गाभा असतो. तो सुटावा म्हणून शिंग भिजवून कुजवावे लागे. त्याची दुर्गंधी किती असेल याची कल्पना करा. लंडनमध्येही हे काम घाणेरडेच मानले जाई. पण हे काम करणाऱ्यांचे तिथे काय झाले? शिंगकाम करणाऱ्यांचा लंडनमध्ये स्वतःचा संघ होता आणि १६३८ मध्ये त्याला राजाची सनद मिळाली. तो संघ आजही आहे. शिंगाचा धंदा मावळल्यावर १९४३ मध्ये त्याने प्लास्टिक उद्योगाला आपला वारसदार मानले. शेफील्डच्या चाकू बनवणाऱ्यांच्या कंपनीची स्थापना तर १६२४ मध्ये थेट संसदेच्या कायद्याने झाली.

याचा अर्थ तिथे स्वर्ग होता असा नाही. शेफील्डमध्ये पाती घासणारे कामगार दगडाची आणि लोखंडाची धूळ छातीत भरून घेत. कोरडे घासकाम करणारा जेमतेम पस्तिशी गाठतो, असे एंगेल्सने १८४५ मध्ये नोंदवून ठेवले आहे. भांडवलशाहीने त्यांचे रक्त शोषले, यात शंका नाही. पण धंदा सोडलेल्या शिंगवाल्याच्या मुलाला पाणवठ्यावरून कोणी हाकलले नाही. शिंगाचा वास कपड्यांना येत होता. तो जन्माला चिकटला नाही.

आपल्याकडे तो जन्मालाच चिकटवला गेला. महाराष्ट्रातल्या गावात जनावर मेले की ते ओढून नेणे हे महाराचे काम ठरलेले. ना कोणता संघ, ना कोणती सनद. दाम ठरवायचा हक्क नाही आणि काम नाकारायचा तर नाहीच. गंमत बघा. जिवंत गाय मालकाची, मेली की महाराची. आणि तिचेच शिंग घासूनपुसून, मूठ होऊन चाकूला बसले की तो चाकू सोवळ्या घरातही फळे कापायला चालतो. मग विटाळ होता कुठे? तो शिंगात असता तर मुठीतही राहिला असता. वस्तू बाजारातून फिरून शुद्ध होते, माणूस मात्र पिढ्यान्‌पिढ्या अशुद्धच राहतो. म्हणजे विटाळाचा घाणीशी काही संबंध नव्हता. फुकटात राबणारा माणूस बांधून ठेवण्याची ती दोरी होती.

ही दोरी बाबासाहेबांनी नेमकी ओळखली. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी मृत मांस सोडण्याचे आवाहन केले. गावोगाव आपल्या लोकांनी मेलेली जनावरे ओढणे नाकारले, त्यापायी बहिष्कार सोसले. तेव्हा ज्यांना अस्पृश्यांच्या पोटाची कधी काळजी वाटली नव्हती, त्यांना अचानक ती वाटू लागली. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी तो किस्सा सांगितला. ‘केसरी’तून हिशोब मांडला जाई की कातडे, शिंगे, खूर, हाडे यांतून गावच्या अस्पृश्यांना वर्षाला पाचशे रुपये मिळतात आणि आंबेडकर ते बुडवत आहेत. बाबासाहेबांचे उत्तर साधे होते: एवढा फायदा आहे तर तुम्हीच ओढा, वरचे पाचशे मी देतो.

ते पाचशे रुपये घ्यायला कोणी पुढे आले नाही. मित्रांनो, शिंगाच्या सगळ्या इतिहासाचा निकाल इथेच लागतो. धंदा खरोखर फायद्याचा असता तर तो आपल्या वाट्याला आलाच नसता.

हा इतिहास संपलेला नाही. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातच्या उना तालुक्यात मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून मारले गेले. जे काम व्यवस्थेने लादले, त्याच कामासाठी चाबूक. उत्तरादाखल सुरेंद्रनगरमध्ये लोकांनी मेलेली जनावरे सरकारी कचेरीसमोर आणून टाकली. नव्वद वर्षांपूर्वीचाच तो नकार होता. आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये त्या पीडित कुटुंबाने बौद्ध धम्म स्वीकारला.

म्हणून कोणी ‘पारंपरिक कौशल्य’, ‘नैसर्गिक साहित्य’, ‘आपला वारसा’ असे गोड शब्द घेऊन आले तर एक प्रश्न जरूर विचारा: हे काम नाकारण्याची मुभा होती का? ज्याला नाकारता येते ते कौशल्य. ज्याला नाकारता येत नाही ती गुलामी, मग तिची मूठ कितीही गुळगुळीत असो. आपल्यातल्या कोणाला स्वखुशीने शिंगकाम करायचे असेल तर त्याने खुशाल करावे, स्वतःचा दाम लावून, स्वतःच्या नावाने. पण ते निवडलेले असावे. निवडीचा हा हक्क आपल्याला कोणी दान दिलेला नाही. पोटावर पाय आला तरी ‘नाही’ म्हणणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांनी तो कमावला आहे.

जय भीम!