बालाघाटाच्या मुरमाच्या वाटा

इतिहास म्हटला कीं आमच्या डोळ्यांपुढें किल्ले, लढाया आणि तहनामे उभे राहतात. ज्या वाटेनें फौज लढाईस गेली, ज्या वाटेनें तिचा दाणागोटा आला, आणि फौज निघून गेल्यावर ज्या वाटेनें कुणबी पुन्हां आपल्या शेतास गेला, ती वाट मात्र बखरकाराच्या लेखीं नसल्यासारखीच असते. अशा वाटांचा विचार करण्यास निमित्त झालें तें एका वाहनाचें. डांबरी सडक सोडून मुद्दाम खडी-मुरमाच्या रस्त्यांनीं हिंडण्यासाठीं रुंद टायरांची एक सायकल अलीकडे प्रचारांत आली आहे. अमेरिकेंतील कॅन्सस प्रांतांत एम्पोरिया या गांवीं २००६ सालीं अशा रस्त्यांवरची एक दीर्घ शर्यत सुरू झाली. आतां हा छंद देशोदेशीं पसरला आहे. पण यांत नवें फारच थोडें आहे. १८८५ सालीं स्टार्लेनें आजच्या घडणीची सायकल बनविली आणि १८८८ मध्यें डनलॉपनें हवेचें टायर काढलें, त्या वेळीं डांबरी रस्ते जवळजवळ नव्हतेच. १९०३ सालची फ्रान्स देशाच्या प्रदक्षिणेची पहिली शर्यतही खडी आणि धूळ तुडवीतच झाली. सायकलीचा जन्मच मुळीं कच्च्या रस्त्यावरचा आहे.

अशी सायकल घेऊन परळी वैजनाथाहून निघालें, तर कोणत्या वाटेनें जावें? या साध्या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे मराठवाड्याचा बराच इतिहास हातीं लागतो.

परळी बालाघाटाच्या उत्तर पायथ्याशीं वसलेली आहे. 'बाला' म्हणजे वरचा. घाटाच्या वरचा मुलूख तो बालाघाट आणि खालचा तो पायीनघाट, अशी ही फारशी नांवें आहेत. उत्तरेस गोदावरीचें सखल खोरें, म्हणजे गंगथडी. दक्षिणेस डोंगरावरची सपाटी, आणि तिच्यापलीकडे मांजरेचें खोरें. परळीजवळची वाण नदी याच डोंगरांतून निघून गोदावरीकडे जाते. मांजरा पाटोद्याच्या बाजूस उगम पावून पूर्वेकडे वाहते आणि सातशेंहून अधिक किलोमीटरांचा प्रवास करून अखेर गोदावरीसच मिळते. बालाघाटाच्या माथ्यावर पडलेल्या पावसाचे दोन वाटे होतात. ते दोन्ही शेवटीं एकाच नदींत जातात.

जमिनीचा स्वभाव कळल्यावांचून येथील वाटा कळावयाच्या नाहींत. हा सारा काळ्या पाषाणाचा प्रदेश. पाषाण कुजून मुरूम होतो, आणि मुरमाची बारीक माती वाहत जाऊन खोऱ्यांत काळी जमीन सांचते. काळी जमीन कापसाला आणि ज्वारीला उदार, पण पावसाळ्यांत प्रवाशाची वैरीण! तींत गाडीचें चाक आंसापर्यंत रुतावें आणि बैलानें गुडघे टेकावे. म्हणून जुन्या गाडीवाटेनें शक्य तेथें माळाची कड धरली, कारण मुरमांतून पाणी चटकन निथळतें. पाणी पिण्यापुरती ती नदीकडे उतरली, आणि घाट चढतांना तिनें बैलाच्या छातीला झेपेल एवढाच चढ पत्करला. वाट आंखली ती बैलाच्या पायानें. आज सायकलस्वारास जी वाट सुखाची वाटते ती याच कारणानें. दोघांचें बळ मर्यादित आहे, आणि दोघांनाही चिखल नको आहे.

या डोंगरापलीकडचा व्यापार फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथांत भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, अशी नोंद आहे. तगर म्हणजे आजचें धाराशिव जिल्ह्यांतील तेर, हें फ्लीट यांनीं १९०१ सालीं दाखवून दिलें. तगराहून जाडेंभरडें कापड आणि तलम मलमल गाड्यांतून, रस्ते नसलेल्या विस्तीर्ण मुलखांतून, बंदरावर जाई, असें तो ग्रंथकार म्हणतो. घाट कोणता, हें तो सांगत नाहीं. पण पैठण गोदाकांठीं आणि तेर बालाघाटाच्या पलीकडे. तेव्हां कापडाच्या त्या गाड्या हा डोंगर कोठें तरी उतरल्याच असल्या पाहिजेत.

परळीचा घाट चढून गेलें कीं सुमारे २५ किलोमीटरांवर अंबाजोगाई लागते. यादव सिंघणाचा सेनापति खोलेश्वर याच्या घराण्याचे शके ११५० आणि ११६२ चे शिलालेख येथें आहेत. विवेकसिंधूकार मुकुंदराजांची समाधि येथेंच, आणि दासोपंतांचें वास्तव्यही येथलेंच. खालीं परळीस वैजनाथाचें ज्योतिर्लिंग, ज्याच्या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनीं केला. त्याच्याही खालीं, गोदेच्या कांठीं, जनाबाईंचें गंगाखेड. खोरें, पायथा आणि माथा या तीन पायऱ्यांवर तीन तीर्थें उभीं आहेत, आणि तिहींना जोडणारी वाट आजही चालती आहे. शेगांवाहून आषाढीस निघणारी गजानन महाराजांची पालखी गंगाखेड, परळी, अंबाजोगाई याच क्रमानें डोंगर चढते आणि पुढें मांजरेकडे, कळंबास उतरते. वारकऱ्यांचीं पावलें ज्या क्रमानें पडतात, तोच क्रम भूगोलानेंही घालून दिला आहे.

याच डोंगरांत पश्चिमेस धारूरचा किल्ला आहे. १७६० च्या उदगीरच्या मोहिमेंत सदाशिवरावभाऊंनीं निजामास औशाच्या बाजूस गांठलें, तेव्हां धारूरास असलेल्या आपल्या दुसऱ्या फौजेस जाऊन मिळण्याची निजामाची धडपड होती. तोफखान्याच्या ओझ्यानें त्याची चाल मंदावली, आणि मराठ्यांच्या हलक्या घोडदळानें वाटेंतच त्याला बेजार केलें. अशा फौजांना रसद पुरविणारे वंजारी आणि लमाण बैलांचे तांडे घेऊन धान्य व मीठ वाहात. पुढें आगगाडी आली. तांड्यांचा धंदा बुडाला आणि तांडे जागच्या जागीं वसले. परळीच्या आसपासच्या डोंगरांत आज जे तांडे दिसतात, त्यांच्या नांवांतच तो प्रवास शिल्लक राहिला आहे.

पण प्रवास संपला असें मात्र नाहीं. दसरा-दिवाळीच्या सुमारास याच डोंगरांतील हजारों कुटुंबें ऊस तोडण्यास पश्चिमेकडे आणि कर्नाटकांत जातात. नवराबायकोच्या जोडीस तेथें 'कोयता' म्हणतात. माणसाला हत्याराचें नांव! मुकादमाची उचल घेतलेली, घराला कुलूप, म्हातारीं माणसें मागें. गाडींत भांडीं, सरपण आणि पोरें. तीं परततात तीं उन्हाळा लागल्यावर. सायकलस्वार शरद ऋतूंत, गवत पिवळें पडूं लागलें आणि सीताफळांचे डोळे उघडले म्हणजे, हौसेनें या वाटेवर येतो. त्याच दिवसांत हीं माणसें त्याच वाटेनें गांव सोडीत असतात. एकाला जी वाट रम्य वाटते, तीच दुसऱ्याला घरापासून तोडते. हें ध्यानांत न घेतां बालाघाटाच्या सौंदर्याचें वर्णन करणें आम्हांस अप्रामाणिकपणाचें वाटतें.

आणखी एक गोष्ट. या गाडीवाटा झपाट्यानें नाहींशा होत आहेत. कांहींवर डांबर पडलें, तें योग्यच झालें. आजारी माणसाला दवाखान्यांत नेणाऱ्यास मुरमाचें कौतुक सांगण्यांत अर्थ नाहीं. पण कांहीं वाटा दोन्ही बाजूंच्या बांधांनीं गिळल्या. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या १४३ व्या कलमानें बांधावरून वाट मिळण्याचा हक्क शेतकऱ्यास दिला आहे. तरीही ज्या वाटेची नोंद नाहीं आणि जिच्यावरून कोणी जात नाहीं, तिचा पुरावा द्यावयाचा कोणीं?

येथें या नव्या सायकलस्वारांचा उपयोग आहे. त्यांनीं नुसतें अंतर मोजून परतूं नये. वाट कोठून कोठें जाते, पाणी कोठें लागतें, घाटाला गांवकरी काय म्हणतात, हें म्हाताऱ्यांस विचारून टिपून ठेवावें आणि ती टिपणें त्या त्या गांवाच्या हवालीं करावीं. दोन हजार वर्षांपूर्वींच्या एका परक्या प्रवाशानें तगराच्या गाड्यांविषयीं दोन ओळी लिहिल्या, म्हणून त्या गाड्या आज आपल्याला ठाऊक आहेत. कोयते घेऊन जाणाऱ्या गाड्यांविषयीं तेवढें तरी लिहिणें आपल्याकडून व्हावें.